सगळ्यांना मूळव्याध सांगितली

माझ्या मानेवर लहानपणापासून एक चामखीळ आहे. त्यामुळं अंघोळ करताना तसलीच एक बारकी चामखीळ नको त्या जागी हाताला लागली, तेव्हा मी साबणाचा हात पुढं नेला आणि विसरूनही गेलो. पण पुढच्या महिन्याभरात तिथं आणखी आल्या. एकमेकींना चिकटून, फ्लॉवरच्या गड्ड्याचा तुकडा मोडून लावल्यासारख्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. नुसत्या होत्या, आणि वाढत होत्या.

तेव्हा आम्ही शिरूरला मार्केट यार्डाच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. मी, आई आणि माझी बायको. मी हायवेवरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. मशीनवरून आलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, हातात घ्यायचा, मापाचं गेज लावून बघायचा, बसला तर पुढं, नाही तर लाल ट्रेमध्ये. लग्न उशिरा झालेलं. बायकोचं हे दुसरं लग्न. तिचा पहिला नवरा चौफुल्याजवळ मोटरसायकलवर ट्रकखाली गेला होता, आणि त्यानंतर ती भांडगावला माहेरीच होती. मी बघायला गेलो तेव्हा तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "त्यांचा एक फोटू हाय माझ्याकडं. मी तो टाकणार न्हाई. चालंल का?" मी चालेल म्हणालो. मला ती तिथंच आवडली. आईला मात्र ते बोलणं कायमचं लागलं.

मी मोबाइलवर शोधलं. जे फोटो दिसले ते बघून मोबाइल उलटा ठेवला आणि परत कधी शोधलं नाही. शोधून वाचलं असतं तर कदाचित पुढचं बरंच टळलं असतं. पण मी वाचलं नाही, मी घाबरलो. हे घाणेरडं आहे, हे घाणेरड्या माणसाला होतं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. शिरूरच्या दवाखान्यात जायची हिंमत नव्हती. आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्याच गल्लीत राहायचा, आणि त्याच्या बायकोची आणि आईची रोज दळण आणायला जोडी. म्हणून मी दौंड गाठलं. दौंडला मला कोणी ओळखत नव्हतं. स्टेशनाजवळच्या भिंतीवर हिरव्या रंगात लिहिलेली पाटी मी मागं एकदा बघितली होती, 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'.

वैद्य म्हणवणारा तो माणूस साठीतला, कपाळाला अष्टगंध, बोलायला गोड. त्यानं टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "उष्णता आहे. लहानपणच्या वाईट सवयी. जाळून टाकू, मुळासकट जाईल." काडीला कापूस गुंडाळला, तो एका तपकिरी बाटलीत बुडवला. "जरा चुणचुणेल."

चुणचुणलं नाही. तव्यावर हात टेकावा तसं झालं. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली, की नखाखाली लाकडाची कुसळं गेली. त्यानं वर हळदीसारखी पिवळी पूड टाकली, पट्टी बांधली आणि म्हणाला, "पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं."

मी टेबलावरून उतरलो आणि बाहेर आलो. चालणं म्हणजे पाय फाकवून एक एक पाऊल टाकणं. एसटी स्टँडकडं निघालो होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ जावईबापू! तुम्ही हितं कसं?"

माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. मोटरच्या दुरुस्तीला म्हणून ते दौंडला आले होते. त्यांच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. मी म्हणालो, कंपनीचं काम होतं. ते म्हणाले, "मग आता घरला चला. एवढं दौंडात आला आन् भांडगावला न येता जाताय व्हय? तुमची मामी मला घरात घ्यायची न्हाई."

मी नको म्हणालो, उशीर होईल म्हणालो, दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट आहे म्हणालो. पण जावयाचा नकार म्हणजे आपल्याकडं होकाराचाच एक प्रकार. त्यांनी गाडीला किक मारली आणि मी मागं बसलो.

तो प्रवास मला अजून आठवतो. पाटसपर्यंत रस्ता खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून आवाज निघायचा आणि मी तो खोकल्यात घालायचो. मामा पुढून शेवंतीच्या फुलांच्या बाजारभावाचं सांगत होते, मोटरवाल्यानं कसं फसवलं ते सांगत होते. मी "व्हय, व्हय" करत होतो. वरवंड गेलं. चौफुल्याजवळ त्यांनी गाडी हळू केली. तिथं ते नेहमीच हळू करतात. एका लिंबाच्या झाडाकडं नुसती मान वळवली आणि परत गिअर टाकला. त्यांचा पहिला जावई तिथं गेला होता, आणि दुसरा मागच्या सीटवर दात आवळून बसला होता.

घरी मामींनी पाट मांडला. मला मांडी घालता येईना. मी एका अंगावर कलून बसलो. मामा बराच वेळ माझ्याकडं बघत होते. जेवण झाल्यावर मी हात धुवायला उठलो, तर ते मागोमाग मोरीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, प्यांटीला रगात हाय. मूळव्याध हाय का?"

मला आयुष्यात इतकं बरं कोणाचं बोलणं वाटलं नसेल.

"व्हय मामा," मी म्हणालो.

"मग त्यात लाजायचं काय? मला सुदीक हुती. अर्ध्या गावाला हाय."

त्या संध्याकाळी भांडगावात माझी मूळव्याध जाहीर झाली. मामींनी घरचा सुरण पिशवीत घालून दिला. मामांनी कोणा तरी आप्पांना बोलावलं, त्यांनी कसली तरी मुळी दिली आणि ताकातून घ्यायला सांगितली. मी शिरूरला पोचायच्या आत बायकोला फोन गेलेला होता. मी दारात आलो तर ती उभीच. "अहो, मला सांगायचं ना," म्हणाली. "मी काय परकी हाय?" आईनं दुसऱ्या दिवसापासून तिखट बंद केलं. कारखान्यात सांगणं भाग पडलं, कारण मला उभं राहून काम करवत नव्हतं. तिथंही मूळव्याधच सांगितली. लाइनवरच्या बिहारी पोरांपासून कँटीनवाल्यापर्यंत प्रत्येकाकडं एक उपाय होता. लोक इतके चांगले वागले, की मला रडू यायचं.

आणि मला वेगळं झोपायला कारण मिळालं.

पहिल्यांदा ते बायकोला खरं वाटलं. मग जखम सुकली आणि महिना गेला, दोन गेले, तरी मी तिच्याकडं पाठ करूनच झोपायचो. तिला मूल हवं होतं. ती तसं बोलायची नाही, पण शेजारणीचं तान्हं घरात आणून खेळवत बसायची आणि माझ्याकडं बघायची. एक दिवस भाजी निवडता निवडता खाली मान घालून म्हणाली, "तुम्हाला पस्तावा होतुय का? माझ्याशी लगीन केल्याचा? असंल तर तोंडानं सांगा. मला सवय हाय वाईट ऐकायची."

"तसं काही नाही," मी म्हणालो. ती उठून आत गेली.

खाली काय चाललं होतं ते मला कळत होतं आणि कळत नव्हतं. मी त्या वैद्याकडं पुन्हा जाऊन पुन्हा जाळून घेतलं होतं. वरच्या चामखिळी गेल्या, पण जळलेली कातडी आखडली. ती मागं सरेना. तोंड बारीक होत होत चिंचोक्याएवढं राहिलं. आतून पाणी यायला लागलं आणि त्याला वास यायला लागला. तो वास कसा होता ते मी लिहू शकत नाही. मी दिवसातून तीनदा अंघोळ करायचो, खिशात कापूर ठेवायचो, बसमध्ये शेवटच्या सीटवर बसायचो. वैद्याला फोन केला तर म्हणाला, "उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या." मग उजव्या जांघेत एक गाठ लागली. लिंबाएवढी नाही, पण बोरापेक्षा मोठी.

त्या दिवसांत मी चांगले जॉब लाल ट्रेमध्ये टाकायचो आणि खराब पुढं सोडायचो. सुपरवायझरनं दोनदा समज दिली. गेज हातात असायचं आणि डोळ्यांपुढं काहीच नसायचं. घोडनदीच्या पुलावरून रोज जायचो, आणि खोटं कशाला सांगू, थांबून खाली बघायचो. मरणाची भीती वाटत नव्हती. भीती वाटायची ती पोस्टमॉर्टेमची. मला उघडं करतील, बघतील, आणि कोणीतरी बाहेर येऊन आईला सांगेल. एवढ्या एका भीतीनं मी जिवंत राहिलो म्हटलं तरी चालेल.

एका रविवारी दुपारी लघवी पूर्ण बंद झाली. सकाळपासून थेंब थेंब होत होती, मग तीही थांबली. पोट दगडासारखं झालं. आई देवळात गेली होती. मी मोरीत उकिडवा बसलो होतो, अंगाला दरदरून घाम, आणि माझ्या घशातून जनावरासारखा आवाज निघत होता. बायकोनं दाराला धक्का दिला. कडी जुनी, निघून आली. तिनं मला बघितलं. सगळं बघितलं.

तिनं तोंडावर हात ठेवला. पण ती मागं सरली नाही.

"ही मूळव्याध?" ती म्हणाली.

"नाही."

"कवापास्नं हाय?"

तिनं माझ्या खांद्यावर चादर टाकली, बाहेर जाऊन रिक्षा थांबवली आणि मला धरून बाहेर आणलं. गल्लीतल्या बायकांना तिनंच सांगितलं, "मूतखडा हाय." एका आजारावर दुसऱ्या आजाराचं पांघरूण. रिक्षात तिनं माझा हात धरला नव्हता, ती बाहेर बघत होती. पण वळणावर मी कललो की तिचा हात माझ्या छातीवर आडवा यायचा.

दवाखान्यातले सर्जन तरुण होते. त्यांनी आधी ओटीपोटातून सुई घालून लघवी काढली. ते सुख कसं सांगू? मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला पुन्हा झोपवलं. मग हातमोजे घालून तपासलं. बायकोला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"तिला राहू द्या," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत मी केलेली ती पहिली शहाणपणाची गोष्ट.

त्यांनी समजावून सांगितलं. चामखिळी हा विषाणूचा आजार. एचपीव्ही म्हणतात. त्याच्या पुष्कळ जाती. काही नुसत्या चामखिळी आणतात, काही वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि मग आतली कातडी बिघडवतात. शरीरसंबंधातून येतो. बाई, पुरुष, कोणालाही. बहुतेकांचा आपोआप जातो, त्यांना कधी कळतही नाही. काहींचा जात नाही.

"कोणाकडनं आला हा?" बायकोनं विचारलं.

"ते सांगणारी तपासणी नाही. दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो."

मी म्हणालो, "लग्नाच्या आधी कारखान्यात एक होती. पॅकिंगला. आमचं वर्षभर होतं. मग तिचं लग्न झालं." बायकोला हे माहीत नव्हतं. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

ती म्हणाली, "माझे पहिले होते. त्यांचं आधी काय होतं मला ठावं न्हाई. मेलेल्या माणसाला आता काय इचारणार?"

"कोणालाच विचारू नका," डॉक्टर म्हणाले. "याचा पंचनामा होत नाही. आता पुढं काय करायचं ते बघू. ही कातडी काढावी लागेल, आत काहीतरी आहे आणि मला ते चांगलं दिसत नाही. तुम्ही पुण्याला जा. आणि ताई, तुमचीही तपासणी करायची. गर्भाशयाच्या तोंडाची."

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात कातडी काढली. आत, कोणाला न दिसता, बोराच्या बीएवढा एक व्रण झालेला होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवला. आम्ही शिरूरला परत आलो आणि वाट बघत बसलो.

आईला किती दिवस मूतखडा सांगणार? पट्ट्या दिसत होत्या, औषधं दिसत होती. मी तिला सांगितलं, जेवढं आईला सांगता येतं तेवढं. तिनं ऐकून घेतलं. मग ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोसमोर उभी राहिली.

"एकाला खाल्लंस," आई म्हणाली. "आता माझ्या पोराला लागलीस. त्या मेल्याचं मढं घरात घेऊन आलीस तू, त्या फोटूसंगट."

बायको भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, शेकली, टोपलीत ठेवली. गॅस बंद केला. मग आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

मी आईला म्हणालो, "आई, माझ्याकडूनही आलं असेल. माझीही एक होती, लग्नाआधी."

"पुरुषाचं काय?" आई म्हणाली. "पुरुषाला काय होतंय?"

मी धोतर नेसून बसलो होतो, कारण पँट घालता येत नव्हती. मी तिला म्हणालो, "हे बघ ना काय होतंय. दाखवू का?" आयुष्यात आईशी मी असा बोललो नव्हतो. तिनं तोंड फिरवलं. तेवढ्यात बायको पिशवी घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "दोन दिवस जाऊन येते," आणि गेली. मला उठून मागं जाता आलं नाही.

दोन दिवसांचा आठवडा झाला. फोन उचलायची, बरी आहे म्हणायची, ठेवायची. मधल्या काळात पुण्याहून बोलावणं आलं. मी एकटा गेलो. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं केली तेव्हाच मला समजलं. कॅन्सर. सुरुवातीचा आहे, म्हणाल्या. त्या विषाणूचाच पुढचा प्रकार, आणि कातडी आखडलेली, आत घाण साठलेली, त्यामुळं त्याला फावलं. पुढचा काही भाग काढावा लागेल. सगळं नाही. पण जांघेतली गाठ काय आहे ते आधी बघायला हवं. ती जर त्यातलीच निघाली तर मोठं काम आहे.

"सोबत कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घरी कोण आहे?"

मी म्हणालो, "बायको आहे." आणि मला काही केल्या थांबता येईना. बाहेर पेशंटची रांग, आणि आत मी ओंजळीत तोंड घालून रडतोय.

पुण्याहून शिरूरला न जाता मी सोलापूरची एसटी धरली आणि भांडगावला उतरलो. मामा शेवंतीच्या शेतात होते. तोडणी चालू होती. बायका वाफ्यात वाकलेल्या, बांधावर क्रेट भरलेले. मला बघून मामा बांधावर आले. त्यांच्या तोंडावर राग होता. मुलगी रडत घरी आलेली, कारण सांगत नाही, आणि जावई आठवड्यानं उगवतोय.

"बसा," ते म्हणाले. "बसाया येतंय का? का अजून मूळव्याध हाय?"

"मूळव्याध नव्हती मामा."

मी सांगितलं. सासऱ्याला असलं सांगायला आपल्या भाषेत शब्द नाहीत. एक तर शिव्या आहेत, नाही तर डॉक्टरांचे शब्द. मी 'तिथं' म्हणालो आणि ते समजले. चामखिळी, दौंडचा वैद्य, तो गाडीवरचा दिवस, सगळं. विषाणू कोणाकडून आला ते कळत नाही, हेही. आणि कॅन्सर.

मामा खाली बसले. ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, दुसरं उचललं.

"म्या समद्या गावाला मूळव्याध सांगत फिरलो," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "आमच्या पोरीला बी हुईल का?"

"तपासावं लागंल. अजून केलेलं नाही."

"पहिल्या जावयाला व्हतं का?"

"कोणालाच माहीत नाही मामा. माझ्याकडून असंल. विचारू नका तिला."

"न्हाई इचारत." त्यांनी डोकीवरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "त्या दिशी तुम्हाला गाडीवर घालून आणला मी. खड्ड्याखड्ड्यातनं. एकदा तरी बोलायचं का न्हाई, जावईबापू? माणूस हाय मी. दगूड न्हाई."

मीही एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडलं.

बायको वाफ्यातून आली. डोक्याला बांधलेलं फडकं, हाताला शेवंतीचा चीक आणि वास. मी काय सांगितलं ते तिला आमच्या तोंडांवरून कळलं असावं. "काय निघालं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं डोक्याचं फडकं सोडून हात पुसले. मग म्हणाली, "मला तपासायची भीती वाटती. माझ्यात बी निघालं तर म्हंजी माझ्यामुळंच झालं असं सगळी म्हणतील. तुमची आई म्हणल. मलाबी तसंच वाटल."

"तुझ्यात निघालं तर तुला औषध करायचं," मी म्हणालो. "दुसरं काही नाही."

"खरं?"

"खरं."

ती माझ्याबरोबर त्याच दिवशी निघाली नाही. पण तपासणीच्या दिवशी मामा तिला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात थेट आले. तिची तपासणी झाली, माझ्या जांघेत सुई घातली, आणि आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. मामींनी डबा दिला होता. तो कोणी उघडला नाही.

माझी गाठ जंतुसंसर्गाची निघाली. सुजलेली होती, बाकी काही नाही. बायकोची तपासणी चांगली आली. पण पुढंही करत राहायला सांगितलं, एकदा चांगली आली म्हणजे कायमची सुटका नाही. मामांना हे समजावून सांगितलं तर त्यांनी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारलं, "म्हंजी चांगलं ना? चांगलंच म्हणायचं ना?"

ऑपरेशन झालं. पुढचा भाग गेला. शुद्धीवर आल्यावर मी पट्टीकडं बघायला तयार नव्हतो. पहिली पट्टी सिस्टरांनी बदलली, दुसरी बायकोनं शिकून घेतली. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. एकदा मी तिला म्हणालो, "तुझं नशीब बघ. एक मेला, आणि एक असा."

ती पट्टी बांधत होती. थांबली नाही. "असं बोलू नका," म्हणाली. "पुन्यांदा बोलला तर मी खरंच जाईन."

मी पुन्हा बोललो नाही. पण मनात ते वाक्य कितीतरी दिवस चालू राहिलं. आता मला लघवीला बसावं लागतं, धार नीट पडत नाही. कारखान्यातल्या उभ्या मुताऱ्या टाळून मी संडासात जातो. पहिल्यांदा पोरं हसायची. आम्ही पुन्हा जवळ आलो ते फार उशिरा, भीत भीत, आणि ते पहिल्यासारखं नाही. मूल अजून झालेलं नाही. होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणतात. शेजारणीचं तान्हं आता चालायला लागलंय.

बायको शिरूरला परत आली, पण तिनं एक अट घातली. आईच्या देखत घातली. घरात तो विषय निघायचा नाही, आणि निघाला तर ती भांडगावलाच राहील. आईनं मान हलवली. विषय निघत नाही. पण आईनं स्वतःचा साबण वेगळा ठेवलाय, बादली वेगळी ठेवलीय. असं काही साबणानं लागत नाही, मी खूप सांगून बघितलं. ती ऐकते, आणि साबण उचलून आपल्या कोनाड्यात ठेवते. माझ्यापासून वेगळा ठेवते की सुनेपासून, ते मी विचारलेलं नाही.

दर काही महिन्यांनी पुण्याला तपासणी असते. त्याच्या आधीचा आठवडा वाईट जातो. मी जांघ चाचपत राहतो, चाचपून चाचपून ती दुखायला लागते आणि मग दुखते म्हणून घाबरतो. बायकोला ते दिसतं. ती काही म्हणत नाही, फक्त दुपारच्या चहात साखर जास्त घालते. का ते मला माहीत नाही.

मागच्या खेपेला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर अडकली, आणि नंबर हुकेल म्हणून ती ड्रायव्हरवर चिडली. दवाखान्यात पोचल्यावर ती बाहेर थांबली. बाकावर एकाच माणसापुरती जागा होती, पण ती बसली नाही. आत डॉक्टरीणबाईंनी दोन्ही जांघांत बोटं दाबून बघितलं, डावीकडं जरा जास्त वेळ. मी छताकडं बघत होतो.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "या आता."

मी पँट नीट केली आणि बाहेर आलो. बायको तिथंच, दाराच्या चौकटीला हात लावून उभी.

"काय म्हणाल्या?"

"या म्हणाल्या."

"म्हंजी?"

"म्हंजी काही नाही. ठीक आहे."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मी खोटं सांगतोय का ते तपासल्यासारखं. मग ती बाकावर बसली, पदराचं टोक दातात धरलं आणि हुंदके द्यायला लागली, एवढ्या मोठ्यानं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सगळ्यांना वाटलं, आमचं काहीतरी वाईट झालंय. एक म्हातारी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी बाजूला उभा राहिलो. मलाही बसायचं होतं, पण जागा नव्हती.